सेल्फ घेते, पण स्टार्ट होत नाही

आमची गाडी ऑक्टोबर २०१०ची. छोटी हॅचबॅक, पेट्रोल, चार सिलिंडर, एमपीएफआय (म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल सोडणारी), नंबर एमपी ०९चा, म्हणजे इंदूरचा. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, निवृत्तीच्या पैशातून घेतलेली; आता मी चालवते. आरसीवर, म्हणजे नोंदणीपत्रावर, मुदत होती १४ ऑक्टोबर २०२५. पंधरा वर्षं झाली की खासगी गाडीची नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी पुन्हा करून घ्यावी लागते. त्यासाठी गाडी आरटीओत निरीक्षकासमोर उभी करायची, त्याआधी पीयूसी काढायची, आणि पीयूसीला इंजिन चालू हवं. नेमकी त्याच मोसमात ती चालू व्हायची बंद झाली. पावसाळा, गणपती, पितृपक्ष आणि आरटीओ असं सगळं एकमेकांत गुंतलेलं हे प्रकरण सप्टेंबरअखेर मिटलं. जुनी इंजेक्शनची गाडी बाळगणाऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते आहे. मी मेकॅनिक नाही, शाळेत गणित शिकवते.

सुरुवात जुलैत झाली. लागून पाऊस झाला की सकाळी गाडी पहिल्या सेल्फला उचलायची नाही. सेल्फ जोरात फिरायचा, इंजिन पकडायचं नाही. चावी बंद करायची, पुन्हा ऑन करून क्षणभर थांबायचं, परत बंद, परत ऑन, आणि मग सेल्फ मारला की चालू. घरात सगळ्यांना ही युक्ती पाठ झाली. ऊन पडलं की काही तक्रार नाही. त्याच सुमारास मुलीने आणखी एक गंमत टिपली: इंडिकेटर दिला की पेट्रोलचा काटा त्या टिकटिकीबरोबर हलतो. "आई, पेट्रोल नाचतंय बघ." डिकी उघडली की ओल्या गोणपाटासारखा वास यायचा, पण इंदूरच्या पावसाळ्यात तसा वास कशाला येत नाही?

कागदपत्रांचं आधी सांगते, कारण पुढची सगळी घाई त्यामुळेच होती. नूतनीकरणाचा अर्ज म्हणजे फॉर्म २५. मुदत संपायच्या आधी ६० दिवसांच्या आत तो करता येतो, म्हणजे आमच्यासाठी ऑगस्टच्या मध्यापासून. पंधरा ते वीस वर्षांच्या चारचाकीची फी एप्रिल २०२२पासून ५,००० रुपये आहे. त्याआधी ती ६०० होती. मुदत उलटली तर दर महिन्याला ५०० रुपये जादा. शिवाय मुदत संपलेल्या आरसीवर गाडी रस्त्यावर आणायची नाही, हे वेगळंच. विमा चालू होता, नंबर प्लेट नव्या प्रकारची बसवून झाली होती. पीयूसी तेवढी संपलेली. बीएस-४च्या (प्रदूषणाच्या नियमांच्या चौथ्या टप्प्याच्या) आधीच्या गाड्यांना ती फक्त सहा महिन्यांची मिळते, त्यामुळे आमची सारखी संपलेलीच असते. गणपती झाले की निवांत जाऊ, असं ठरलं.

३० ऑगस्ट, शनिवार. दुसऱ्या दिवशी गौरी यायच्या होत्या. राजवाड्याकडे खरेदी आटोपून पार्किंगमध्ये परत आले आणि चावीची युक्तीही चालेना. सेल्फ घेते, स्टार्ट होत नाही. आजूबाजूचे चार भिया (इंदुरी भय्या) लगेच जमले. "धक्का मारते हैं, मैडम." सेल्फ जर नीट फिरत असेल तर धक्क्याने काही होत नाही, कारण धक्का देऊन इंजिन फिरवायचंच असतं आणि ते सेल्फ फिरवतोच आहे. उलट न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो खराब होऊ शकतो. सेल्फसुद्धा एका वेळी पाच-सात सेकंदांवर मारू नये. मध्ये अर्धा मिनिट थांबावं, नाहीतर बॅटरी बसते आणि मग एका आजाराचे दोन होतात. जुन्या गाडीचा विमा थर्ड पार्टी, त्यामुळे रस्त्यावरची मोफत मदत वगैरे नाही. क्रेन १,४०० रुपये. गाडी राजेंद्र नगरला घराजवळच्या गॅरेजात टाकली आणि मी रिक्षाने, मांडीवर फुलं आणि भाज्या घेऊन, घरी.

गॅरेज मंगळवारी उघडलं. प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, मागचं सीट उचलून टाकीच्या वरचं सॉकेट काढून परत बसवलं. गाडी चालू झाली. बिल १,१५० रुपये. गौरी गेल्या त्याच संध्याकाळी गाडी घरी आली.

५ सप्टेंबरला सकाळी पुन्हा तेच. या वेळी निदान घराच्या पार्किंगमध्ये. गॅरेजवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "मोटर गई इसकी. नई डलेगी, छह हजार आठ सौ." मोटर म्हणजे पेट्रोलच्या टाकीत बसवलेला पंप. मी विचारलं, पेट्रोलचा दाब मोजून पाहिलात का? "गेज नहीं रखते, मैडम. अंदाज से पता चल जाता है." अंदाज कदाचित बरोबरही असेल. पण आधी प्लग हाही अंदाजच होता, आणि त्यानंतर गाडी चालू झाली म्हणून तो खरा वाटला. अधूनमधून होणाऱ्या बिघाडात ही मोठी फसगत असते. गाडी आपोआप सुरू व्हायचीच असते, आणि त्याआधी शेवटचं जे काही केलं त्याला श्रेय मिळतं. ६,८०० रुपये द्यायला हरकत नव्हती. मोजल्याशिवाय द्यायला होती.

दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. इंदूरात त्या रात्री गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चालते देखावे, निघतात, अर्धं शहर रस्त्यावर असतं आणि उरलेले रस्ते बंद असतात. कुठलाही मिस्त्री येणार नव्हता. तेव्हा शेजारचे काका मदतीला आले. ते विद्युत मंडळातून निवृत्त झालेले. गाड्यांचं फारसं माहीत नाही, पण विजेचं कुणी त्यांना सांगू नये. त्यांचा पहिलाच प्रश्न: "साखळी कुठे तुटते ते कळलंय का?"

साखळी सरळ आहे. इंजिनाला हवा, पेट्रोल आणि ठिणगी हवी, तीही योग्य वेळी, आणि सिलिंडरात दाब हवा. कार्बोरेटरच्या गाडीत हे बरंचसं यांत्रिक असतं. इंजेक्शनच्या गाडीत ठिणगी कधी आणि पेट्रोल किती हे ईसीएम नावाची डबी ठरवते, आणि क्रँक सेन्सरकडून इंजिन फिरतंय असा निरोप आल्याशिवाय ती काहीच देत नाही. त्यामुळे काही उघडण्याआधी नुसतं बघून आणि ऐकून बरंच कळतं. आम्ही रविवारपासून ते सुरू केलं.

बॅटरी आधी. काकांचा मल्टिमीटर मरून पडला होता, म्हणून नवा आणायचा होता. काकू म्हणाल्या, उद्यापासून पितृपक्ष, नवी वस्तू आणायची तर आजच आणा. पण आज ग्रहण आहे. शेवटी ग्रहण लागायच्या आत, दुपारी ३५० रुपयांचा मीटर घरात आला. बॅटरी शांत असताना १२.५ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.३. सेल्फ मारताना साधारण ९.६च्या खाली गेली तर बॅटरीवर संशय घ्यावा. आमची ठीक होती.

मग डॅशबोर्ड. चावी ऑन केल्यावर इंजिन चेकचा पिवळा दिवा लागला. लागायलाच हवा. तो मुळीच लागला नाही तर ईसीएमलाच वीज मिळत नाही, आणि मग मेन रिले (विजेनेच चालू-बंद होणारं बटण), फ्यूज तिकडे पाहायचं. चावीच्या कुलपाचा, म्हणजे इमोबिलायझरचा, दिवा असेल तर तो लुकलुकत राहता कामा नये. आमचा थोड्या वेळाने विझायचा.

नंतर पंपाचा आवाज. चावी ऑन केली की ईसीएम रिलेमार्फत पंपाला दोन-तीन सेकंद वीज देतो आणि इंजिन फिरलं नाही तर बंद करतो. मागच्या सीटवर कान लावला तर 'झूं' असा आवाज येतो. हे शांततेत करायचं काम आहे. आमच्याकडे सकाळी नेमकी त्याच वेळी कचरागाडी येते, आणि तिच्या भोंग्यावरच्या गाण्यापुढे पंपच काय, शेजारच्या माणसाचंही ऐकू येत नाही. गाडी गल्लीतून जाईपर्यंत थांबलो. पंपाचा आवाज येत होता, पण घोगरा आणि दमलेला. काका म्हणाले, "फिरतोय, म्हणजे मेलेला नाही. एवढंच कळलं."

एक ६५० रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर मागवला. डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये लावायचा आणि मोबाइलवर वाचायचं. जुन्या गाड्यांत तो चालेलच असं नाही. ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचा बिघाड टिपून कोड द्यायची ठरावीक पद्धत, आपल्याकडे एप्रिल २०१३पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या गाड्यांत ज्या त्या कंपनीची रीत. आमच्यात चालला. सेल्फ मारताना इंजिनाचे फेरे २२०च्या आसपास दिसले, म्हणजे क्रँक सेन्सर निरोप देतोय. तो आकडा शून्यच राहिला असता तर पहिला संशय त्याच्यावर. बिघाडाचा कोड एकही नव्हता. यावर एका मित्राचं म्हणणं पडलं की कोड नाही म्हणजे बिघाड नाही, उगाच शंका काढताय. पण अशा गाड्यांत पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सरच नसतो. जे मोजलंच जात नाही त्याचा कोड कसा येणार?

प्लग काढले. एवढा सेल्फ मारूनही कोरडे. हे फार बोलकं असतं: ओले आणि वास येणारे प्लग म्हणजे पेट्रोल येतंय पण जळत नाही, कोरडे म्हणजे येतच नाही किंवा पुरेसं येत नाही. ओले निघाले असते तर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा होता. तसं केलं की बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत ईसीएम पेट्रोल बंद ठेवतो आणि सिलिंडर सुकतात. ठिणगीसाठी दीडशे रुपयांचा स्पार्क टेस्टर आणला. प्लग हातात धरून बॉडीला टेकवायचा जुना प्रकार कृपया करू नका, विशेषतः पेट्रोलची वाफ असताना. ठिणगी निळी, कडक.

पेट्रोलवर तर कॉलनीतल्या प्रत्येकाचा संशय होता. "ते वीस टक्के इथेनॉलवालं आलंय ना, त्यानेच." जुन्या गाडीतल्या रबराच्या नळ्यांना ते फारसं मानवत नाही हे खरं, आणि टाकीत पाणी शिरलं तर इथेनॉल ते शोषून तळाशी वेगळा थर करतं हेही खरं. पण म्हणून प्रत्येक दुखणं त्याच्या माथी मारायचं का? पंपाच्या नळीतून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन रात्रभर अंगणात, घरापासून लांब ठेवलं. सकाळी एकच थर, स्वच्छ. तो विषय तिथे संपला. कॉलनीत मात्र अजून संपलेला नाही.

शेवटची घरगुती परीक्षा काकांनी स्वतः केली, मला चावीवर बसवून. हवेच्या नळीत कार्ब क्लीनरचा (कार्बोरेटर साफ करायच्या स्प्रेचा) छोटा फवारा, लगेच सेल्फ. इंजिन दोन सेकंद धडधडलं आणि बंद पडलं. ते दोन सेकंद फार मोलाचे. याचा अर्थ ठिणगी आहे, वेळ बरोबर आहे, सिलिंडरात दाब आहे. बाहेरून जाळायला काही दिलं तर इंजिन जाळतंय. तुटलेली कडी पेट्रोलच्या बाजूला. हा फवारा ज्वालाग्राही असतो, तेव्हा हे मोकळ्यावर, दोघांनी मिळून, जवळ अग्निशामक ठेवूनच. नाहीतर मिस्त्रीला करू द्यावं.

पंपाचा रिले हॉर्नच्या रिलेसारखाच होता, म्हणून अदलाबदल करून पाहिली. हॉर्न वाजला, गाडी नाही.

इथे घरचं ज्ञान संपलं. मी छोटी ग्वालटोलीत पार्टच्या दुकानी पंपाची चौकशी केली. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "अभी मत लो मैडम. बाईस तारीख से जीएसटी अट्ठाईस का अठारह हो रहा है." पितृपक्ष संपतोय २१ तारखेला, नवे दर लागतायत २२ला. काकू आणि सरकार यांचं एकमत मी पहिल्यांदाच पाहिलं. त्याच दुकानदाराने एका ऑटो इलेक्ट्रिशियनचा नंबर दिला. "उस्ताद को दिखा दो पहले. उनके पास गेज है."

उस्ताद रविवारी, १४ सप्टेंबरला घरी आले. साठीचे, कमी बोलणारे. सगळं ऐकून घेतलं, आमच्या वहीतले आकडे चष्मा लावून वाचले. (आकडे तारखेसह लिहून ठेवा. मिस्त्रीचा अर्धा तास वाचतो आणि तो तुम्हाला गंभीरपणे घेतो.) आधी पंपाचा रिले काढून सेल्फ मारून नळीतला दाब कमी केला, मग जोडावर फडकं धरून नळी सोडली आणि गेज लावला. चावी ऑन. काटा १.६ बारवर थांबला. या इंजिनाला साधारण ३ लागतो, म्हणजे ४३-४४ पीएसआय. प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा, तो तिच्या मॅन्युअलात पाहायचा.

मी म्हटलं, म्हणजे पंप गेला. आता मापही तेच सांगतंय. उस्ताद म्हणाले, "मोटर कमजोर है, ये पता चला. क्यों कमजोर है, ये नहीं. पेट तक रोटी पहुँच रही है कि नहीं, वो देखो पहले."

मागचं सीट उचललं, पंपाचं सॉकेट काढलं, दोन पिनांमध्ये मीटर लावला, मला चावी ऑन करायला सांगितलं. १२.२ व्होल्ट. बॅटरीतून निघालेलं सगळं पोहोचतंय. काका आणि मी एकमेकांकडे बघितलं. उस्तादांनी पिशवीतून हेडलाइटचा जुना बल्ब काढला, त्याला दोन वायरी डकवलेल्या. तो त्याच पिनांना लावला. मीटरने १२.२ दाखवलेल्या जागी ५५ वॅटचा बल्ब निखाऱ्यासारखा लालसर पेटला, बस्स.

हे मला गणिताच्या बाईलाही क्षणभर कळलं नाही, काकांना लगेच कळलं. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरीत कुठे गंज असेल तरी करंट वाहत नसेल तेव्हा तिथे व्होल्टेज पडतच नाही, आणि टोकाला पूर्ण १२ दिसतात. पंप किंवा बल्ब चार अँपिअर मागतो तेव्हाच तो अडसर दिसतो. आमच्याकडे नर्मदेचं पाणी येतं तेव्हा कुणी तोटी उघडलेली नसेल तर पाइपात जोर असतोच. बादली लावली की खरं कळतं. म्हणून वीज मोजायची ती काम चालू असताना. जी टेस्टर पेनं बारीक एलईडीवर चालतात तीही इथे फसवतात, कारण तीही काही ओढत नाहीत.

मग त्यांनी जे केलं ते प्रत्येक जुन्या गाडीवाल्याने बघण्यासारखं आहे. पंपाचा रिले काढून त्याच्या सॉकेटमधल्या ३० आणि ८७ या जागा फ्यूज असलेल्या वायरीने जोडल्या, म्हणजे पंप सतत चालू राहिला. आता सॉकेट जागेवर, पंप फिरतोय, आणि मीटरने एकेक टप्पा. बॅटरीच्या प्लसपासून पंपाच्या प्लसपर्यंत ०.३ व्होल्ट पडतात; चालेल. पंपाच्या दोन टोकांत ८.१. आणि पंपाच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ३.८. तिथे ०.२-०.३च्या वर नको. बेरीज करा: ०.३ अधिक ८.१ अधिक ३.८, बरोबर १२.२. एक थेंब सांडलेला नाही, फक्त तिसरा भाग भलत्याच जागी खर्च होतोय. पंपाची अर्थ, म्हणजे वीज बॉडीतून बॅटरीकडे परत नेणारी जोड, खराब.

३.८ व्होल्ट भागिले साधारण चार अँपिअर, म्हणजे जेमतेम एक ओहम. नुसता ओहम मोजला असता तर कुणालाही 'ठीक आहे' वाटलं असतं.

अर्थची काळी वायर सीटखालून मागे जात होती. डिकीच्या डाव्या कोपऱ्यात, टेललॅम्पच्या मागे, अस्तराखाली बॉडीला एक बोल्ट. तिथेच टेललॅम्पची वायर, तिथेच पेट्रोलच्या काट्याची. बोल्टाचा नुसता भुगा झालेला. टेललॅम्पचं रबर वाळून फाटलं होतं, प्रत्येक पावसात पाणी आत उतरायचं आणि त्या कोपऱ्यात साचायचं. मुलगी खिडकीतून ओरडली, "म्हणून पेट्रोल नाचत होतं!" अगदी तेच. इंडिकेटरचा करंट त्याच सडलेल्या बोल्टातून जायचा, म्हणून प्रत्येक टिकटिकीला काट्याचा पायाच हलायचा. तुमच्या गाडीत ब्रेक दाबल्यावर काटा हलत असेल, इंडिकेटरबरोबर दुसराच दिवा मंद लुकलुकत असेल, तर अर्थ तपासून घ्या. अजून चालू होत असेल तेव्हाच घ्या.

चावीची युक्तीही उलगडली. दर वेळी चावी ऑन केली की अशक्त पंप दोन-तीन सेकंद फिरायचा आणि नळीत थोडा थोडा दाब साठायचा. तीन-चारदा केलं की कसाबसा पुरेसा व्हायचा. सेल्फ मारताना बॅटरी १०वर येते तेव्हा पंपाच्या वाट्याला आणखी कमी, म्हणून थेट सेल्फ मारला की नाही. आणि गॅरेजात ती चालू झाली ती प्लगमुळे नव्हे. सीट उचलताना वायर हलली, बोल्टाने कुठेतरी धातूला धातू लावला, तेवढ्यापुरतं जमलं.

बोल्ट तोडून काढावा लागला. बॉडी पॉलिश पेपरने घासून पांढरी केली, वायरीच्या टोकाला नवं थिंबल, म्हणजे बोल्टात अडकवायचं कडं, नवा बोल्ट, वरून ग्रीस. पुन्हा मोजलं: ३.८च्या जागी ०.१. गेजवर ३ बार. पहिल्या सेल्फला चालू. उस्तादांनी ९०० रुपये सांगितले, गेज आणि घरी येण्यासकट. काकूंनी पोहे केले होते. उस्तादांनी वर शेव मागून घेतली.

लगेच आरटीओला पळाले नाही. पाऊस व्हायची वाट पाहिली, कारण हा बिघाड ओलीतच उठायचा. पाऊस आला, त्यानंतरच्या सकाळीही गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. टेललॅम्पच्या खाचेत तोवर प्लास्टिक आणि चिकटपट्टी लावली होती. नवं रबर २२ तारखेनंतर घेतलं; ते इतकं स्वस्त होतं की जीएसटीच्या फरकात एक चहा आला.

नवरात्र सुरू झाल्यावर पीयूसी. बीएस-३ पेट्रोल चारचाकीला उभ्या इंजिनावर कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्क्यांच्या आत आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएमच्या आत हवा. इंजिन गार असताना जाऊ नका. पंधरा-वीस मिनिटं चालवून, गरम करून गेलं की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काम करतो आणि आकडे उतरतात. आमचे दोन्ही मर्यादेच्या बरेच आत आले.

२५ सप्टेंबर, गुरुवार, नायता मुंडल्याचं आरटीओ. अर्ज आणि फी परिवहनच्या पोर्टलवर आधीच भरली होती, तरी छापील प्रती न्या: फॉर्म २५, फीची पावती, विमा, पीयूसी, मूळ आरसी, आधार. मोबाइल नंबर आधी अद्ययावत करून घ्या, कारण ओटीपी त्यावरच येतो. बाबांच्या नावाची गाडी आणि बाबांचा जुना नंबर यात आमची एक सकाळ गेली. दारातच एजंट भेटतात. कागद पूर्ण असतील तर त्यांची गरज नाही. बाबांना मात्र सोबत न्यावं लागलं, आणि त्यांनी ओळीतल्या प्रत्येकाला गाडी कशी कमी चाललेली आहे ते सांगितलं.

ऊन कडक होतं. पाणी आणि टोपी न्या, सावलीला जागा नाही. वाट पाहण्यातच दुपार झाली. निरीक्षकांनी चेसिस नंबर जुळवला, त्याचा पेन्सिलने ठसा घेतला, इंजिन नंबर टॉर्चने वाचला. चेसिस नंबरावर माती बसलेली असते. तो कुठे आहे ते आधी शोधून फडक्याने पुसून ठेवा, तिथे धावपळ होत नाही. मग हॉर्न, वायपर, हेडलाइट, ब्रेक लाइट, इंडिकेटर. माझं लक्ष काट्यावर. तो हलला नाही. "स्टार्ट करके आगे लो." केली, घेतली. दोन मिनिटांचं काम.

नवी आरसी दिवाळीच्या आधी पोस्टाने आली. वैधता १४ ऑक्टोबर २०३०. त्या वेळी गाडी वीस वर्षांची होईल आणि ऑगस्ट २०२५च्या नव्या नियमाने वीस वर्षांवरच्या चारचाकीची फी आहे १०,००० रुपये. बाबा म्हणतात, तेव्हाही करू.